बिघडलेली घे, कुजलेली घेऊ नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक फोटो नव्याकोऱ्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, दुसरा कुणाच्या तरी आवारात सहा वर्षं उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा, आणि खाली एकच ओळ: ‘मावशी, नवी सोडून ही जुनी घेऊन दुरुस्त करणं, हा वेडेपणा आहे का?’

वेडेपणा नाही. पण ‘स्वस्त पडेल’ हे तू दिलेलं कारण मला पटलेलं नाही. जुनी गाडी विकत घेताना स्वस्त असते, नंतर ती हळूहळू आपले पैसे मागून घेते. माझा हिशेब सांगते. गाडीला जेवढे देशील, त्याच्या निम्मे तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला असू देत. तेवढे नसतील तर आणखी स्वस्त गाडी शोधू नकोस, थोडं थांब.

जुनी घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. जी गाडी आपण स्वतः उघडली, तिची वायर कुठून कुठे जाते हे आपल्याला ठाऊक असतं. रात्री आडरानात पाण्याचा पंप बंद पडला, तर फ्यूज उडालाय, की जोड सुटलाय, की पंपाची मोटारच गेलीय, हे दहा मिनिटांत कळतं. नव्या गाडीत पंप बंद पडत नाही असं थोडंच आहे? तीही माणसांनीच जोडलेली असते, खिळे, स्क्रू आणि फटी बुजवणाऱ्या सीलंटनं, आणि रस्त्यावर पहिले काही हजार किलोमीटर हादरे खाल्ल्यावर तिचीही कपाटं निसटतात, नळ गळतात. वॉरंटी असते, हे खरं. पण वॉरंटीतलं काम म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन सोडायची आणि नंबर लागायची वाट बघायची. ऐन सुट्टीच्या दिवसांत ते फार जड जातं.

आता मुख्य गोष्ट. मोटरहोम म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तू. खाली मालवाहू व्हॅनचं किंवा ट्रकचं चॅसिस, म्हणजे चाकं-इंजिनासकट खालचा सांगाडा, आणि त्यावर बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीनं बांधलेलं घर. खालच्या भागाची मला तुझ्यासाठी काळजी वाटत नाही. त्याच बनावटीच्या व्हॅन रोज माल वाहत असतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि चांगल्या मेकॅनिकला तिची सगळी दुखणी माहीत असतात. काळजी आहे ती वरच्या घराची, आणि त्या घराचा शत्रू एकच, पाणी.

बऱ्याच जुन्या गाड्यांची भिंत अशी असते: बाहेर अॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि फोम, आत पातळ प्लाय. छपराला हवेच्या झडपेसाठी, अँटेनासाठी भोकं पाडलेली असतात, बाजूंना खिडक्या. प्रत्येक भोकाभोवती आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांखाली सीलंट. उन्हानं ते कडक होतं, गाडी धावताना बॉडी थोडी पिळवटते, आणि केसाएवढी फट पडते. तेवढी पुरते. शिवाय पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. छपराच्या झडपेतून आलेलं पाणी चौकटीच्या लाकडावरून सरकत जाऊन पलंगाखालच्या कोपऱ्यात साचतं. बाहेरून काही कळत नाही. कळतं तोवर लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं झालेलं असतं.

हे मी ऐकून सांगत नाही. माझ्या पहिल्या गाडीत आत नवं वॉलपेपर होतं, ताज्या रंगाचा वास होता. मी भुलले. दोन महिन्यांनी सायकलचा स्टँड बसवायला मागच्या भिंतीत स्क्रू घातला, तर तो फिरतच राहिला. पकडायला आत काही उरलंच नव्हतं. वॉलपेपर सोलला, प्लाय काढला, आणि चौकटीचं लाकूड मुठीत चुरत बाहेर आलं. पूर्ण मागची भिंत नव्यानं बांधावी लागली. अर्ध्याच जागेत नवीन वॉलपेपर किंवा ताजा रंग दिसला, की मी आता आधी तिथेच बोट दाबून बघते.

तूही तेच कर. ओल मोजायचं मीटर उसनं मिळालं तर उत्तम. पंधरा टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहा, विसाच्या पुढे कारण शोध, तिसाच्या पुढे आकडा गेला तर आतलं लाकूड गेलं असं धरून चाल. मीटर नसेल तर कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांच्या खालची कड, चाकांच्या वरचा भाग अंगठ्यानं दाब. बाहेरून भिंतीवर तिरपा टॉर्च धर. फुगवटा असेल तर थर सुटलेत. कुबट वास आला तर अत्तराच्या डबीवर विश्वास ठेवू नकोस. छपरावर शिडी लावून स्वतः बघ, मालक ‘काही नाही हो वर’ म्हणाला तरी.

जनरल मोटर्सनं 1973 ते 1978 या काळात एक मोटरहोम बांधली होती, बॉडीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, वर फायबरग्लास आणि अॅल्युमिनियमची पत्रं. इतकी वर्षं झाली तरी लोक त्या गाड्या दुरुस्त करून चालवतात. इंजिनं उतरवता येतात, गिअरबॉक्स बदलता येतात. सांगाडा टिकला, म्हणून बाकीच्या दुरुस्तीला अर्थ राहिला.

म्हणून म्हणते, बिघडलेली गाडी खुशाल घे. पंप बंद, दिवे बंद, पडदे फाटलेले, बॅटरी मेलेली, हे सगळं तुला शिकवणारं आहे. फ्रिजचं मात्र आधी बघ. गॅसच्या उष्णतेवर अमोनिया फिरवून गार करणारा शोषण-फ्रिज, ज्याची कल्पना मुंटर्स आणि फॉन प्लाटेन या दोघा स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये मांडली, त्यात फिरणारा एकही भाग नसतो. पण त्याच्या मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर नवाच घ्यावा लागेल, आणि तो महाग असतो.

सहा वर्षं उभी असलेली गाडी कमी किलोमीटरची असते, म्हणून हुरळून जाऊ नकोस. उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, रबरी सील वाळतात, इंजिनातला टाइमिंग बेल्ट न फिरताही म्हातारा होतो. टायरची नक्षी नवी दिसेल. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांवरचे टायर मी ठेवत नाही, नक्षी कितीही खोल असो.

दुरुस्तीच्या भरात दोन चुका होतात, त्या तुझ्याकडून होऊ नयेत. एक, जाड प्लाय आणि जड कपाटं बसवणं. गाडीचं कमाल वजन पाटीवर लिहिलेलं असतं, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो आधीच गेले. दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. जमिनीलगत जाळीची भोकं दिसतील. गार वारा येतो म्हणून लोक नवी फरशी टाकताना ती बुजवतात. शेगडी-फ्रिजला लागणारा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि बाहेर पडायला त्याला तीच वाट असते. गॅसच्या नळ्यांना तू हात लावू नकोस, ते काम जाणकाराकडूनच करून घे.

कोरडी, छप्पर असलेली जागा मात्र तुझ्याकडे हवी, आणि एक वर्षाचे शनिवार-रविवार. पुढच्याच महिन्यात त्यात राहायला जायचं असेल, तर नवी घे, किंवा कुणीतरी आधीच दुरुस्त करून चार वर्षं वापरलेली घे. उघड्यावर भिंत सोलून ठेवली आणि पाऊस आला, तर केलेलं सगळं पाण्यात जातं.

ती जुनी गाडी बघायला कडक उन्हाच्या दिवशी जाऊ नकोस. दोन दिवस सलग पाऊस पडू दे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जा. पलंगाची गादी उचल, खालच्या कोपऱ्यात हात घाल, आणि हाताला काय लागलं ते मला तिथूनच फोन करून सांग. टायरवरचे चार आकडेही वाचून दाखव.

तुझी
मावशी