‘मी फक्त हप्त्यांसाठी टिकलोय का?’

“मॅडम, मी कंपनीशी एकनिष्ठ आहे की नुसता अडकून पडलोय?” चौदा वर्षं एकाच ठिकाणी काढलेले गृहस्थ विचारत होते. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, म्हणाले.

मी कागद पुढे केला. नोकरी का सोडत नाही, सुचेल तसं लिहा. भराभर लिहिलं: घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, या वयात कोण घेणार. मग पेन थांबलं. बऱ्याच वेळाने कोपऱ्यात बारीक अक्षरात आलं, ‘आजारपणात साहेबांनी सांभाळून घेतलं होतं.’

मानसशास्त्रज्ञ जॉन मायर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ साली नोकरीशी असलेल्या बांधिलकीचे तीन पदर मांडले: जीव लागलाय म्हणून राहणं, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं आणि सोडणं परवडत नाही म्हणून राहणं. हे माणसांचे तीन कप्पे नव्हेत. एकाच माणसात तिन्ही कमीजास्त असतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की पहिले दोन बहुधा जोडीनं वाढतात, जोडीनं ओसरतात. तिसऱ्याचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे हप्त्यांची काळजी आहे म्हणजे जिव्हाळा खोटा, असं होत नाही. (हे ऐकून अनेकांचा चेहरा सैल होतो.)

या गृहस्थांचे साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. उपकाराची जाणीव साहेबांशी जोडलेली होती, ती त्यांच्यासोबत गेली आणि कामातला जीवही हळूहळू निघाला. उरले हप्ते. ते आधीही होतेच की! तेव्हा टोचत नव्हते, इतकंच.

‘परवडत नाही’ यातही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: हातचं काय जाईल आणि दुसरं कोण घेईल. पहिलीचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. दुसरीबद्दल मी विचारलं, “शेवटचा अर्ज कधी केलात?”

“चौदा वर्षांपूर्वी.” स्वतःच हसले.

पुढच्या भेटीला बायोडेटा घेऊन आले. अर्ज अजून कुठेच केला नव्हता, पण नव्या मुलांना शिकवायचं काम मागून घेतलं होतं. “त्यांच्यात बसलो की घड्याळाकडे लक्ष जात नाही.”

“आणि रविवारचा गोळा?”

“येतो. पण हल्ली जेवणानंतर.”