वर्गात रोज काय घालायचं आणि बचत गटाचे वीस हजार

प्रश्न: माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. छत्रपती संभाजीनगरला एमबीएला प्रवेश मिळालाय, वसतिगृहात राहणार आहे. फी आणि राहण्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालंय. कॉलेजनं सांगितलंय की सोमवारी आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी फॉर्मल्स, बाकी दिवस नीटनेटके कुठलेही कपडे चालतील. सीनिअर मुली मात्र म्हणतात, पहिल्या दिवसापासून रोज फॉर्मल्समध्येच ये, सरांवर छाप पडते आणि अभ्यासातही लक्ष लागतं. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्या बहुतेक जणी जीन्स-कुर्तीच घालणार आहेत. माझ्याकडे ४ कुर्ते आणि १ जीन्स आहे. आईनं बचत गटातून २०,००० रुपये उचललेत. व्याज महिन्याला २ टक्के, मुद्दल महिन्याला १,००० रुपये फेडायचं. माझी यादी अशी: ब्लेझर ५,५००, ४ शर्ट ४,४००, ३ ट्राउझर ३,९००, बूट २,०००, हँडबॅग १,७००, जीन्स-टॉप २,५००. वसतिगृहाजवळ इस्त्रीचे नगामागे १० रुपये घेतात. वडील म्हणतात एवढा खर्च कशाला, आई म्हणते लेकरू चारचौघींत कमी दिसू नये. मी काय करू?

उत्तर: ताई, यादीतली एकही वस्तू अजून घेतली नसेल तर आधी कॉलेजच्या फीचा तपशील आणि प्रवेशाच्या वेळी दिलेली माहितीपुस्तिका काढून नीट वाचा. अनेक एमबीए कॉलेजं ब्लेझर स्वतःच देतात. त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह असतं, रंग ठरलेला असतो आणि त्याचे पैसे फीमध्ये किंवा वेगळ्या पावतीनं घेतलेले असतात. तुम्ही गुलमंडीच्या बाजारातून काळा ब्लेझर नेला आणि कॉलेजनं पंधरा दिवसांनी नेव्ही ब्लू दिला, तर ५,५०० रुपये कपाटात पडून राहतील. कार्यालयात एक फोन करून विचारा.

कॉलेजनं ब्लेझर सक्तीचा केला असेल आणि त्याचे पैसे वेगळे मागितले, तरी ते गटाच्या पैशांतून देऊ नका. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत फी, वसतिगृह, पुस्तकं यांच्याबरोबर गणवेशाचा खर्चही धरलेला आहे. कॉलेजचं पत्र घेऊन शाखेत जा आणि कर्जाच्या अंदाजपत्रकात तो बसतो का ते विचारा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज गटाच्या व्याजाच्या निम्म्याच्या आसपास असतं, आणि शिकत असताना हप्ताही सुरू होत नाही.

आता गटाच्या कर्जाकडे येऊ, कारण तुमच्या निर्णयात सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. २०,००० रुपये, महिन्याला हजार मुद्दल, म्हणजे वीस महिने. शिल्लक मुद्दलावर व्याज धरलं तर एकूण व्याज ४,२०० रुपये होतं. म्हणजे तुमची वीस हजारांची यादी आईला २४,२०० रुपयांना पडते. तेच ९,००० रुपये ठेवून ११,००० रुपये लगेच परत केले, तर नऊ महिन्यांत कर्ज फिटतं आणि व्याज होतं ९०० रुपये. पैसे उचलून महिना झाला असेल तर पहिल्या महिन्याचं ४०० रुपये व्याज द्यावंच लागेल, त्यापुढचा भार मात्र वाचेल. मुदतीआधी परतफेडीला बहुतेक गट हरकत घेत नाहीत, तरी सचिवांना आधी विचारा. रब्बीच्या पेरणीला गटातल्या एखाद्या बाईला हरभऱ्याच्या बियाण्यासाठी पैसे लागतातच, त्यांना ते वापरता येतील.

नऊ हजारांत भागेल का? माझ्या मते भागेल, आणि चांगलं भागेल.

तुम्ही विचारलंय फॉर्मल की कॅज्युअल. पैशाच्या नजरेनं मी कपडा वेगळ्या मापानं मोजते: तो किती वेळा अंगावर येणार आणि दर वेळी धुण्या-इस्त्रीसकट किती पडणार. दोन वर्षांच्या एमबीएत प्रेझेंटेशनं, पाहुण्यांची व्याख्यानं आणि शेवटी मुलाखती धरून ब्लेझर वीसेक वेळा अंगावर येईल. ५,५०० भागिले २० म्हणजे एका वेळेला २७५ रुपये, ड्रायक्लिनिंग वेगळं. ७०० रुपयांचा सुती कुर्ता आठवड्यातून एकदा घातला, वर्षाचे ४० आठवडे धरले, तर दोन वर्षांत ८० वेळा होतो. एका वेळेला ९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. सोमवारचा शर्ट आणि ट्राउझर या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतात.

इस्त्रीचा हिशेब तुमच्या यादीत नाही, तो मी मांडते. रोज शर्ट-ट्राउझर घालायची म्हणजे रोज दोन नग, २० रुपये. महिन्याचे २२ दिवस धरले तर ४४० रुपये, दहा महिन्यांचे ४,४००. दोन वर्षांत इस्त्रीवरच तुमच्या चार शर्टांच्या दुप्पट पैसे जातील. फक्त सोमवारी फॉर्मल्स घातले तर हाच खर्च महिन्याला ९० रुपयांच्या आसपास राहतो. सुती कुर्ता झटकून वाळत घातला आणि घडी करून दाबून ठेवला तर बहुतेक दिवशी इस्त्रीशिवाय चालतो. जॉर्जेट किंवा पॉलिस्टर मिश्रणाचा तर नक्कीच चालतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अंगाला सुतीच बरं वाटतं.

पाण्याचंही लक्षात घ्या. जायकवाडीचं धरण पैठणला, एवढं जवळ असूनही शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि वसतिगृहांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात पांढरा शर्ट दोन-तीन महिन्यांत राखाडी दिसायला लागतो आणि कॉलर कडक होते. जीन्सला धुवायला पाणी जास्त लागतं आणि पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून चार पांढरे किंवा फिके शर्ट घेण्यापेक्षा दोन घ्या, एक आकाशी आणि एक बारीक रेघांचा. जीन्स आहे तेवढी पुरे.

मुलींच्या बाबतीत फॉर्मल आणि कॅज्युअल यांच्यामधली रेषा मुलांइतकी पक्की नसते, आणि त्याचा तुम्हाला फायदा आहे. एका रंगाचा किंवा बारीक छापाचा, गुडघ्याखाली जाणारा, बाहीचा सुती कुर्ता आणि खाली सरळ ट्राउझर घातली की वर्गातही चालतं आणि कित्येक प्रेझेंटेशनांनाही. तीच ट्राउझर सोमवारी शर्टाखाली जाते. म्हणजे ट्राउझर दोन्हीकडची, तिच्यावर पैसा घालायला हरकत नाही. मुलाखतीला नीट नेसलेली सुती साडीही फॉर्मलच मानतात. आईच्या कपाटातली एखादी साधी काठाची साडी बाजूला काढून ठेवा. मापाचं ब्लाउज शिवून घेतलं आणि फॉल-पिको केलेला असला की काम झालं.

तर माझी यादी अशी. काळी आणि बेज अशा दोन ट्राउझर, २,६०० रुपये. दोन शर्ट, २,२००. तीन कुर्ते, २,१००. पुढून बंद, सपाट तळाचे काळे बूट, १,३००. उरलेले ८०० रुपये कपडे मापात करून घ्यायला आणि पहिल्या काही महिन्यांच्या इस्त्रीला. एकूण ९,०००. तुमच्याजवळचे चार कुर्ते धरून सात होतात, त्यात आठवडा आरामात निघतो. हँडबॅग मी काढून टाकली आहे. वर्गात लॅपटॉप आणि वह्या न्यायच्या असतात, त्याला पाठीवरची सॅक लागते, आणि ती बहुधा तुमच्याकडे असेलच.

८०० रुपयांतला मापाचा भाग कुणी कमी करायला सांगितला तरी करू नका. २,००० रुपयांचा शर्ट खांद्यावरून उतरत असेल तर तो ६०० रुपयांच्या मापातल्या शर्टापेक्षा वाईट दिसतो. तयार ट्राउझर कमरेत बसली तर लांबीला मोठी निघते, हे आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत फार होतं. टिळकपथ, औरंगपुरा भागातून कपडे घेतले की तिथंच जवळपास अल्टर करणारे मिळतात. गावात मापाचं चांगलं शिवणारी कुणी असेल तर कुर्ते कापड घेऊन तिच्याकडून शिवून घ्या. गटातल्याच एखाद्या बाईकडे मशीन असते, पैसा तिला मिळेल.

कराचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली तर १८ टक्के. तुमच्या ५,५०० रुपयांच्या ब्लेझरमध्ये जवळजवळ ८४० रुपये कराचे आहेत. ताग्यातून कापून घेतलेल्या कापडाला मात्र ५ टक्केच लागतो. म्हणून पुढे ब्लेझर लागलाच तर कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घ्यायचा भाव आधी काढा, मगच तयार माल बघा.

आता सीनिअर मुलींच्या दोन मुद्द्यांकडे. फॉर्मल्स घातले की अभ्यासात लक्ष लागतं, हे बोलणं कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे. २०१२ साली हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी प्रयोगाला आलेल्या लोकांना पांढरा कोट घालायला दिला. डॉक्टरचा कोट म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचं लक्ष जास्त लागल्याचं दिसलं. तो प्रयोग फार गाजला. पण त्यातला पहिला भाग नंतर दुसऱ्यांनी मोठ्या संख्येवर करून पाहिला तेव्हा तसा फरक आढळला नाही. एवढ्या आधारावर २४ टक्क्यांचं कर्ज काढू नये.

छाप पडते हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पडते. प्रेझेंटेशनच्या दिवशी, बाहेरचे परीक्षक आले असताना, मुलाखतीच्या टेबलासमोर ती पडते, आणि त्या दिवसांसाठी तुमच्या यादीत कपडे आहेत. रोजच्या वर्गात प्राध्यापकांच्या लक्षात राहते ती वेळेवर येणारी आणि प्रश्न विचारणारी मुलगी. तिचा मंगळवारचा कुर्ता स्वच्छ होता एवढं पुरतं.

वडील खर्च कशाला म्हणतात, त्यांनाही माझं सांगणं आहे. काका, कपड्यावरचा खर्च म्हणजे चैन, असं सरसकट धरू नका. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले तेव्हा त्यांनी कपड्यांचा विषय मुद्दाम काढला: स्वच्छ राहा, लुगडं नेसण्याची पद्धत बदला, कमीपणा दाखवणाऱ्या खुणा अंगावर बाळगू नका. त्याच बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५० साली तुमची मुलगी जिथं शिकायला चालली आहे त्या शहरात कॉलेज काढलं, आणि मराठवाड्यातली खेड्यापाड्यांतली मुलं तिथून शिकून बाहेर पडली. खेड्यातून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी वर्गात मान वर करून बसता आलं पाहिजे. आईंना हेच म्हणायचंय, आणि त्यांचं बरोबर आहे. माझी हरकत फक्त रकमेला आणि व्याजाला आहे. नऊ हजारांना मात्र हरकत घेऊ नका.

इस्त्रीत महिन्याला वाचणारे ३५० रुपये कुठं ठेवायचे, हा प्रश्न पुढे येईल. आवर्ती ठेव उघडू नका. २४ टक्क्यांचं कर्ज अंगावर असताना ६-७ टक्के देणाऱ्या ठेवीत पैसे ठेवणं तोट्याचं आहे. ते आईला पाठवा, हप्ता १,३५० करा, कर्ज नवव्याऐवजी सातव्या महिन्यात फिटेल. तुमचे वडील अल्पभूधारक असतील तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटी वाचून मुदतीत अर्ज करा. पण तो पैसा आधारला जोडलेल्या खात्यात प्रत्यक्ष जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका, उशीर होतो.

गटाचं कर्ज फिटल्यावर हप्त्याचे तेच १,३५० रुपये तीन महिने तुमच्या खात्यात वेगळे ठेवले तर ४,००० रुपयांच्या वर जमतात. तिसऱ्या सत्रात कंपन्या यायला लागतात, कॉलेजनं ब्लेझर दिला नसेल तर तो तेव्हा घ्यायचा. शिवून घेणार असाल तर दसऱ्याच्या आधी माप देऊन या. दसरा-दिवाळी आणि पुढे लग्नसराई लागली की शिंपी नवीन काम घेत नाहीत, घेतलं तरी तारीख पाळत नाहीत, आणि मुलाखतीची सूचना बऱ्याचदा दोन-तीन दिवस आधीच येते.