बुबुळावरची जखम आणि पापणीच्या आतली खडबड

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आम्ही जालना जिल्ह्यात राहतो. तो चार वर्षांचा असल्यापासून दर उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होतात, अनावर खाज सुटते आणि डोळ्यांतून चिकट तार निघते. पहिल्या डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब आम्ही गेली दोन वर्षे त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत होतो. त्यांनी दोन दिवसांत आराम पडायचा. बाटलीवर ‘डेक्सामेथासोन’ आणि ‘क्लोरॅम्फेनिकॉल’ अशी नावे आहेत. यंदा मात्र तीन आठवडे झाले तरी उजवा डोळा उजेडात उघडत नाही. नव्या डॉक्टरांनी सांगितले की बुबुळावर जखम आहे, तिच्यावर पांढरा थर बसला आहे आणि तो खरवडून काढावा लागेल. त्यांनी पुन्हा स्टिरॉइडचेच थेंब दिले. घरातले म्हणतात, स्टिरॉइडने काचबिंदू होतो आणि जखमेवर तर ते टाकूच नयेत. खरे काय मानावे? डोळ्यात कायमचे फूल पडेल का? शाळेनेही ‘डोळे आलेत, पाठवू नका’ असे कळवले आहे.
– एक आई

उत्तर : आपण बाटलीवरची नावे वाचून कळवलीत हे फार चांगले झाले. उत्तराचा अर्धा भाग त्या दोन नावांतच आहे.

आपल्या वर्णनावरून हा आजार व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस या नावाने ओळखली जाणारी तीव्र ॲलर्जी दिसते. नावातले ‘व्हर्नल’ म्हणजे वसंतातले. ते थंड देशांतून आले आहे. आपल्याकडच्या कोरड्या, उष्ण आणि धुळीच्या हवेत हा आजार एका ऋतूपुरता राहत नाही. उन्हाळ्यात भडकतो आणि पुष्कळ मुलांमध्ये बारा महिने आतल्या आत धुमसत राहतो. मुलींपेक्षा मुलग्यांना तो जास्त होतो आणि बहुधा चार-पाच वर्षांच्या वयापासून डोके वर काढतो. पाकाच्या तारेसारखी लांबणारी चिकट चिपडे ही त्याची ओळखीची खूण आहे. डोळे येण्याची साथ आणि हा आजार यांचा काहीही संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता जखमेकडे वळू. वरची पापणी उलटून पाहिली की या मुलांमध्ये आतली बाजू गुळगुळीत गुलाबी दिसण्याऐवजी सीताफळाच्या सालीसारखी दिसते : चपट्या माथ्याच्या मोठमोठ्या गाठी एकमेकींना खेटून बसलेल्या आणि त्यांच्या फटींत चिकट स्राव साठलेला. प्रत्येक उघडझापीला ही खडबड बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, घासते. शिवाय ॲलर्जीत गोळा होणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जी प्रथिने सोडतात ती कॉर्नियाच्या वरच्या नाजूक थराला विषारी ठरतात. आधी बारीक ठिपके उठतात, मग ठिपके मिळून थर सोलला जातो आणि कॉर्नियाच्या वरच्या भागात ढालीच्या आकाराची आडवी लंबगोल जखम तयार होते. म्हणूनच तिला ‘शील्ड अल्सर’ म्हणतात. फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात सोडून निळ्या उजेडात पाहिले की ती पोपटी रंगात चमकते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विनंती केलीत तर तेही आपल्याला हे दाखवतील.

म्हणजे मुळात ही जखम जंतूंनी केलेली नाही, ती पापणीने आणि ॲलर्जीने केली आहे. त्यामुळेच ॲलर्जीची आग विझवल्याशिवाय ती भरत नाही आणि आग लवकर विझवण्यासाठी स्टिरॉइडइतके खात्रीचे औषध आज तरी नाही. उघड्या जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून सोबत अँटिबायोटिकचे थेंब आणि पोषक अश्रुथेंब देतात. थेंब वारंवार टाकायचे असल्याने ते शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले असावेत.

तरीही आपल्या घरच्यांची भीती निराधार नाही. जखम बुरशीची असेल तर स्टिरॉइडने डोळा जाऊ शकतो. शेतात काडी किंवा कुसळ लागले होते का, दुखणे एकाएकी वाढले का, जखमेभोवती पांढरट-पिवळट धूसर डाग आहे का, हे पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात आणि शंका असल्यास जखमेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. डोळ्याला असे काही लागले असेल तर ते आपण होऊन सांगावे.

मला स्वतःला अधिक काळजी वाटते ती त्या दोन वर्षांच्या बाटल्यांची. त्यातले क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आहे, तर डेक्सामेथासोन हे जोरकस स्टिरॉइड आहे. ते आठवडा-दोन आठवडे देऊन, मग उतरत्या क्रमाने बंद करायचे असते. जुन्या चिठ्ठीवर ते वर्षानुवर्षे आणत राहिले तर डोळ्यातला दाब वाढतो आणि मुलांमध्ये तो मोठ्या माणसांपेक्षा लवकर व जास्त वाढू शकतो. यात दुखत नाही, लालीही येत नाही. उलट डोळा छान पांढराशुभ्र दिसतो आणि आतली नस मात्र वाळत जाते. हाच तो काचबिंदू. नियमाने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असे हे औषध आपल्याकडे खोकल्याच्या गोळीइतक्या सहजपणे मिळते, हे आपले दुर्दैव. तेव्हा पुढच्या भेटीत दोन्ही डोळ्यांचा दाब, नसेची तपासणी आणि मोतीबिंदूची पाहणी एवढे अवश्य करून घ्यावे. आताचे थेंब मात्र भीतीने मध्येच बंद करू नयेत. ते मोजून आणि देखरेखीखाली दिलेले आहेत, आधीचे तसे नव्हते.

आता खरवडण्याविषयी. सौदी अरेबियात काम करणारे नेत्रतज्ज्ञ कॅमेरॉन यांनी 1995 मध्ये या जखमांचे तीन प्रकार सांगितले आणि ती वर्गवारी आजही वापरली जाते. पहिल्या प्रकारात जखमेचा तळ स्वच्छ असतो. ती बहुधा औषधांनीच भरते आणि मागे फारसा डाग राहत नाही. दुसऱ्यात तळाशी पांढरट गाळ दिसतो. तिसऱ्यात हा गाळ घट्ट होऊन जखमेच्या वर उचललेली पापडी तयार होते. मेलेल्या पेशी, चिकट स्राव आणि इओसिनोफिलची प्रथिने यांची ही पापडी असते. शेजारची निरोगी त्वचा तिच्यावर सरकू शकत नाही, म्हणून कितीही थेंब टाकले तरी जखम जिथल्या तिथे राहते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला थर असाच असेल तर तो काढण्याचा सल्ला योग्य आहे. काम थोड्या वेळाचे असते. लहान मुले स्थिर राहत नसल्याने बहुधा थोडी भूल देतात. जखम मोठी किंवा हट्टी असेल तर वारेच्या आतल्या पातळ पडद्याचा, म्हणजे अ‍ॅम्नियॉटिक मेम्ब्रेनचा, तुकडा वर बसवतात. तो पापणीची घासण थोपवतो आणि पुढे आपोआप विरघळतो. काही वेळा त्याच भुलेत पापणीच्या आतल्या बाजूला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने गाठी लवकर बसतात, पण नंतर दाबावर लक्ष ठेवावे लागते.

फूल पडेल का, याचे उत्तर जखम किती खोल आहे आणि बाहुलीसमोर आहे की वरच्या बाजूला, यावर ठरते. या जखमा बहुतेक वेळा वरच्या भागात आणि उथळ असतात, त्यामुळे अंधुक डाग राहिला तरी नजर पुष्कळदा शाबूत राहते. मात्र आपला मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तीन आठवडे एक डोळा मिटून आहे. जखम भरल्यावर चष्म्याचा नंबर आणि त्या डोळ्याची नजर स्वतंत्रपणे तपासावी, म्हणजे तो डोळा आळशी पडला असल्यास लगेच कळेल.

जखम भरली की खरे काम सुरू होते, ते म्हणजे पापणी शांत ठेवण्याचे. त्यासाठी ओलोपॅटाडीनसारखे ॲलर्जीरोधक थेंब आणि तेवढ्याने भागत नसेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम यांचा आधार घेतात. ही दोन औषधे स्टिरॉइड नाहीत, त्यांनी डोळ्याचा दाब वाढत नाही आणि त्यामुळे ती महिनोन्‌महिने देता येतात. डोळे चोळण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. सततच्या चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. खाज आली की फ्रीजमधल्या पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवावा. मध, गुलाबपाणी, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात जाऊ देऊ नये.

वयात येता येता हा आजार बहुतेक मुलांमध्ये आपसूक ओसरतो. तोवर डोळा सुखरूप ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे आणि ते जमण्यासारखे आहे. शाळेसाठी डॉक्टरांकडून ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी आणि वर्गशिक्षकांना मुलाला खिडकीकडे पाठ येईल अशा बाकावर बसवण्यास सांगावे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला याच आजारासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले आहेत. आठ दिवस झाले, फरक काही नाही आणि थेंब टाकले की ती आग होते म्हणून रडते. बंद करावेत का?
– एक वडील, नागपूर

उत्तर : बंद करू नयेत. हे औषध सावकाश काम करते. गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि आठ दिवसांत त्याची परीक्षा होत नाही. त्याने होणारी आग डोळ्याचा दाह ओसरेल तशी बहुधा कमी होत जाते. आधी गार अश्रुथेंब टाकून दहा मिनिटांनी हे थेंब टाकल्यास मुलीला सोपे जाईल. तोवर दाह आटोक्यात ठेवायला डॉक्टरांनी सोबत काही दिवसांचे सौम्य स्टिरॉइड दिले आहे का, हे चिठ्ठीत पाहावे. दिले नसेल तर त्यांना विचारावे, परस्पर आणू नये. आग फारच असह्य असेल, डोळा उजेडात उघडेनासा झाला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवावा.