देशी की तैवानी टूरिंग सायकल : माझ्या एका चुकीचा अनुभव

नमस्कार. पुण्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्यापर्यंत सामानासह जाण्यासाठी देशी बनावटीची सायकल घ्यावी की दुप्पट पैसे मोजून तैवानमध्ये बनलेली, हा आपला प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीचा मीच तो विचारतो आहे, असे वाटले. चौकटीचे माप, ३६ तारांची चाके, कॅरियरचे स्क्रू बसवायला आट्यांची भोके हे सर्व आपण पाहिले असेलच.

मी तैवानी सायकल घेतली आणि ती उत्तमच होती. चूक इतकीच झाली की मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर भारतात सुटा मिळतो का, हे मी विचारलेच नाही. धक्का बसल्यास चौकटीऐवजी हँगर वाकावा म्हणून तो मुद्दामच मऊ ठेवतात. मात्र त्याचे आकार शेकडो आहेत आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. दापोलीपर्यंत सायकली बसच्या डिकीतून नेल्या, तेव्हा माझा हँगर आत वाकला आणि मला ते कळलेही नाही. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो, चढावर सर्वांत हलका गिअर टाकला आणि डिरेलर थेट चाकात गेला. हँगर तुटला, चार तारा गेल्या आणि पुढचा प्रवास मी टेम्पोतून केला. सोबतच्या मित्राच्या देशी सायकलचा हँगरही वाकला होता, पण तो आसाच्या नटाखाली बसणारा साधा पोलादी होता. त्याने तो पान्ह्याने रस्त्यातच सरळ केला.

खरा मनस्ताप नंतरचा. परदेशातून मागवलेला तो बोटभर तुकडा एका कुरिअर कार्यालयात सात आठवडे पडून राहिला. आधी ओळखपत्र, मग पैसे भरल्याचा पुरावा, मग पुन्हा तेच ओळखपत्र मागितले गेले, आणि दूरध्वनीवर दर वेळी नवी व्यक्ती मला पहिल्यापासून हकिगत सांगायला लावी. शेवटी हाताळणीचे शुल्क वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त निघाले. सर्वांनाच असा अनुभव येतो, असे माझे म्हणणे नाही.

म्हणूनच देशी-परदेशी या शिक्क्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. सर्ली या अमेरिकी कंपनीच्या टूरिंग चौकटीही तैवानमध्येच बनतात, आणि आपल्याकडच्या अनेक गिअरच्या सायकलींवर शिमानो या जपानी कंपनीचेच भाग असतात. मात्र स्वस्त देशी सायकलींत एक दोष हमखास आढळतो : मागची दातेरी चक्रे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरकवून बसवायच्या कॅसेटची नसतात, तर आट्यांवर फिरवून बसवायच्या फ्रीव्हीलची असतात, त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग बरेच आत राहते आणि पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या पिशव्यांच्या, ओझ्याने आस वाकतो. माझे मत विचाराल तर, आणि मी मेकॅनिक नाही हे लक्षात घेऊन, देशी सायकल घ्यावी व वाचलेल्या पैशांतून कॅसेट हबचे मजबूत मागचे चाक बांधून घ्यावे. त्यापूर्वी चौकटीत मागे १३५ मिलिमीटरचा हब बसतो का, हे मोजून घ्यावे. तैवानीच घ्यायची असेल, तर दोन जादा हँगर हातात पडल्याशिवाय दुकानदाराला उरलेली रक्कम देऊ नये.

सायकल बसमध्ये चढवताना डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून चौकटीच्या आत बांधावा. एका षट्कोनी किल्लीचे काम आहे, पाच मिनिटे लागतात.