पहिले स्ट्रिप, मग गिऱ्हाईक

पोरी,

काल तू गेल्यावर काकू माझ्यावर चांगलीच रागावली. म्हणाली, ती मन मोकळं करायला आली होती आणि तुम्ही मधातच सुरू झाले, तिला धड बोलूही दिलं नाही. खरंय ते. म्हणून लिहून राहिलो, निदान हे तुला बाजूला ठेवता येईल, दोन दिवसांनी वाचता येईल.

अकरा मिनिटांच्या कॉलवर तुझी सॉफ्टवेअर टेस्टरची पाच वर्षांची नोकरी गेली, त्याला चार महिने झाले. मोबाईल पुढे करून तू मला चौदा कोर्स दाखवले, ऑटोमेशन, डेटा अ‍ॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग, एक तर केक बनवायचा पण होता, आणि वीस टक्क्यांच्या पुढे एकही गेलेला नाही. मग म्हणालीस, काका, सकाळी मोटिव्हेशनच येत नाही. तिथेच माझा आवाज चढला. तुझ्यावर नव्हता तो राग. ह्याच शब्दाची वाट पाहत मी दोन वर्षं घालवली आहेत, त्यामुळे तो ऐकला की मला शांत बसवत नाही.

तू हुशार आहेस, सगळं ठीक होईल, हे मी लिहिणार नाही. हुशार आहेस हे दोघांनाही माहीत आहे आणि ठीक होईल का हे दोघांनाही माहीत नाही.

आता माझं ऐक. आज मी पाण्याचं काम करतो, बॉयलर, कूलिंग टॉवर, सॉफ्टनर, एवढं तुला माहीत आहे. त्याच्या पहिले सतरा वर्षं मी नागपुरात बर्डीवर फोटो धुणाऱ्या एका कलर लॅबमध्ये होतो, १९९१ ला लागलो आणि २००८ ला लॅब बंद झाली. तेव्हा फिल्मचे रोल असायचे, छत्तीस फोटोंचा एक. लग्नसराईत रोज दीडदोनशे रोल, काटोल, उमरेड, भंडारा, कुठून कुठून फोटोग्राफर पहाटेच्या एसटीनं येऊन शटरसमोर उभे. रोल धुवायच्या प्रोसेसला सी-४१ म्हणत. डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं केमिकल, ३७.८ डिग्रीला, वेळ सव्वातीन मिनिटं, आणि तापमानात सूट किती, तर ०.१५ डिग्री. बाहेर नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, लाइट जाऊन येऊन राहिली, आणि आत टाकी ३७.८ वर धरून ठेवायची.

पण खरं काम सकाळचं. मशीन गरम झालं तरी कोणाचाही रोल आत घालायचा नाही. पहिले कंट्रोल स्ट्रिप. ही म्हणजे कंपनीतूनच एक्स्पोज होऊन आलेली फिल्मची पट्टी, फ्रीजरमध्ये ठेवलेली. ती बाहेर काढायची, रूम टेंपरेचरला येऊ द्यायची, धुवायची, डेन्सिटोमीटर, म्हणजे रंग किती गडद ते मोजायचं यंत्र, त्याखाली धरून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आकडे वाचायचे आणि भिंतीवरच्या चार्टवर त्या तारखेखाली ठिपके मारायचे. ठिपके मर्यादेत तर काम सुरू, बाहेर गेले तर दारात फोटोग्राफर कितीही ओरडोत, रोल आत जात नाही, आधी तापमान बघा, रिप्लेनिशमेंट, म्हणजे ताजं केमिकल नीट आत येतं का, ते बघा, डेव्हलपरमध्ये पुढच्या टाकीतलं काही सांडलं का ते बघा. आम्हाला शिकवणारे म्हातारे ऑपरेटर एकच वाक्य म्हणायचे, पहिले स्ट्रिप, मग गिऱ्हाईक.

मी घरून भांडून आलो की तापात आलो, त्या पट्टीला काही घेणंदेणं नव्हतं. ती टाकायला मूड लागायचा नाही, हात लागायचे. आणि एकदा ठिपका पडला की पुढचा दिवस आपोआप सुरू व्हायचा, हे मी सतरा वर्षं रोज पाहिलं आहे. तू टेस्टर आहेस, तुला तर हे माझ्यापेक्षा लवकर कळायला पाहिजे. सॉफ्टवेअरचं नवीन बिल्ड आलं की तुम्ही पहिले स्मोक टेस्ट करता ना, मुख्य गोष्टी चालतात का ते बघायला? ती करायला कधी मोटिव्हेशन लागलं का तुला? मग स्वतःच्या दिवसाला काऊन लागून राहिलं?

आता जी गोष्ट सांगतो ती फिल्मवाल्यांनाच माहीत आहे, आणि मला वाटतं तुझ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. लोकांना वाटतं केमिकल कामानं खराब होतं. उलट आहे. रोल आला की प्रत्येक रोलमागे मशीन थोडं ताजं केमिकल आत सोडतं, टाकी ताजी राहते. रोलच नाही आले तर ताजं काही आत येत नाही, जुनं तसंच गरम टाकीत पडून राहतं, हवा लागून ऑक्सिडाइज होतं, पाणी उडतं. म्हणजे दोनशे रोल धुणारा डेव्हलपर ठणठणीत आणि चार रोल धुणारा बसल्या बसल्या काळा. तू सध्या चार रोलवर आहेस पोरी. नोकरी होती तेव्हा स्ट्रिप चुकली असती तरी कामाच्या ओघात निभलं असतं. आता नाही निभणार.

आणि मी स्ट्रिप नेमकी तेव्हाच बंद केली.

२००४ पासून रोल कमी होत गेले. स्ट्रिपचा डबा महाग पडायचा, मी मनाशी म्हटलं चार रोलांसाठी काय रोज टाकायची. मला बंद कर असं कोणी सांगितलं नव्हतं. चार्ट मात्र भरत राहिलो, मनानंच, मर्यादेच्या मधोमध एकसारखे ठिपके, दिसायला इतका सुंदर चार्ट खऱ्या दिवसांत कधी नव्हता. सव्वा महिना असं चाललं. मग उमरेडकडचे एक मास्तर आले, बायको दोन महिन्यांआधी वारलेली, कॅमेऱ्यात तिचे फोटो असलेला रोल तसाच राहिला होता. तो रोल माझ्या हातून पातळ निघाला, निगेटिव्हवर चेहरे असून नसल्यासारखे, प्रिंटमध्ये नुसता मळकट रंग. ते ओरडले नाहीत. निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिलं, पाकिटात घातलं, पैसे ठेवले आणि गेले. पैसे ठेवले गं त्यांनी. मी परत द्यायलाही पुढे गेलो नाही, काउंटरमागे उभाच राहिलो.

ही गोष्ट मी काकूलाही खूप वर्षांनी सांगितली.

दुसरी चूक त्याच्याही आधीची. २००३ ला मालक मला पाच दिवस मुंबईला पाठवून राहिले होते, डिजिटल मशीनच्या ट्रेनिंगला. मी म्हटलं सीझन आहे, जमणार नाही. सीझन होताच, पण खरं कारण ते नव्हतं. मला वाटायचं आपण रंगातले मास्टर, आपल्याला बटणं काय शिकवता. मग माझ्या हाताखालचा पोरगा गेला. त्याला पुढे कधी काम शोधावं लागलं नाही.

आणि हे मोठ्या मोठ्यांनाही चुकलं नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ ला फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनिअरनं बनवला होता, आणि जानेवारी २०१२ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीसाठी कोर्टात गेली. फुजीवाल्यांनी मात्र हातात काय आहे ते पाहिलं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजेनपासूनच होतं, फोटोचा रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन कसं थांबवायचं हे त्यांना माहीत होतं, ते घेऊन ते चेहऱ्याच्या क्रीममध्ये उतरले. हे मी फार उशिरा वाचलं, नाहीतर लॅब बंद झाल्यावर मीही हातात काय आहे तेच आधी पाहिलं असतं, असं मला वाटतं. कदाचित नसतंही पाहिलं.

कारण लॅब बंद झाल्यावर मी दोन वर्षं दिवाणावर होतो. सकाळी उठून पेपर, चहा, मग पुन्हा आडवा. मन लागलं की बघू, डोकं शांत झालं की बघू. बाबांनी त्यांची शेवटची दिवाळी त्याच खोलीत, मला असं पडलेलं बघत काढली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, काल मी तुला बोललो त्यातला अर्धा आवाज तरी त्यांचा होता असं समज.

त्या काळात मेव्हण्यानं पुण्याला बोलावलं होतं, त्याच्या गोडाउनवर सुपरवायझर. मी नाही गेलो. अजूनही घरात लग्नकार्य असलं की कोणीतरी तो विषय काढतंच, अहंकार नडला म्हणतात. असेल थोडा. पण मला ठाऊक आहे, तिथे गेलो असतो तर आयुष्यभर कोणाचा तरी उपकार मोजत बसलो असतो आणि बाबा इथे एकटे पडले असते, आणि पंचवीस हजारांसाठी घर सोडायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. आपलं चुकलं नाही ते. असो. हे तुला काऊन सांगून राहिलो कोण जाणे, पण बंगळूरवाल्या मावशीकडे जायचं का असं तू विचारलं होतं ना, त्यावर माझं मत माझ्या ह्या गोष्टीतून आलेलं आहे, ते तू जपून घे.

२०१० ला एक ओळखीचा माणूस मला हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात घेऊन गेला, नुसता सोबत म्हणून. तिथे केमिस्ट पाण्याची हार्डनेस टेस्ट करत होता, म्हणजे पाणी किती जड ते पाहत होता. फ्लास्कमधलं पाणी वाइनसारखं लाल, वरून थेंब थेंब ईडीटीए नावाचं केमिकल सोडायचं, लाल जाऊन निळं झालं की थांबायचं, किती गेलं त्यावरून आकडा. तो निळा येईपर्यंत टाकत होता आणि मी मागून म्हटलं, झालं, आत्ताच झालं. त्यानं पुन्हा करून पाहिलं. माझा थेंब बरोबर होता. सतरा वर्षं लाल-निळं पाहिलेले डोळे, दुसरं काही नव्हतं माझ्याजवळ.

दुसऱ्या दिवशी उसने पैसे घेऊन टेस्ट किट आणली आणि घरच्या बोअरचं पाणी तपासलं. पिण्याच्या पाण्याला हार्डनेस लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा काही पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत. आमचा ५०० च्या वर. वहीत तारीख टाकून लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचं. मग मानेवाड्यातली एक विहीर, मग नळाचं, मग पुन्हा आपलंच बोअर, पाऊस पडून गेल्यावर किती उतरतो ते बघायला. पाच महिने एक रुपया आला नाही. पण रोज सकाळी चहाच्या पहिले एक आकडा वहीत. पहिले स्ट्रिप. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की मोटिव्हेशन आहे का, तर मी नाहीच म्हटलं असतं.

बुटीबोरीच्या ज्या बॉयलरवाल्यानं पहिलं काम दिलं त्यानं सर्टिफिकेट मागितलं नाही. वही मागितली, दहा मिनिटं पानं उलटली आणि म्हणाला, सोमवारपासून या.

म्हणून तुला काल जे ओरडून सांगितलं ते आता शांतपणे लिहितो. चौदाचे चौदा कोर्स बंद कर. कोणता चांगला हे मला विचारू नको, मला कळत नाही त्यातलं, आणि तुला निवडायचं आहे ते अजून तीन महिन्यांनी. उद्या सकाळी मोबाईल हातात घेण्याच्या पहिले लॅपटॉप उघड, कोणतीही एक वेबसाईट घे, बस बुकिंगची, वीजबिलाची, कॉलेजच्या अ‍ॅडमिशनची, आणि त्यात एक बग शोध. वहीच्या एका पानावर तारीख, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. नाही सापडला तर काय काय तपासलं ते लिही. चाळीस मिनिटं, जास्त नको. हे तुझ्या हातातलं आहे, पाच वर्षांचं आहे, ते तुझ्या कंपनीनं काढून घेतलं नाही. ऑटोमेशन शिकायचं की केक करायचे, ते त्या वहीतूनच निघेल. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर तेही लिही, पण पान टाक. रडून झाल्यावर टाक, नऊ वाजता उठलीस तर नऊला टाक. दिवसाची पहिली गोष्ट तीच, त्याच्या पहिले कोणाचा मेसेज नाही, कोणाची पोस्ट नाही, कोण कुठे जॉइन झालं ते नाही.

हे फार छोटं आहे असं तुला वाटणार, वाटू दे. मलाही चार रोलांसाठी एक स्ट्रिप फार वाटली होती.

रविवारी सकाळी ये, काकू तर्री पोहे करणार आहे. येताना वही आण. सात पानं झाली नसतील तर चार आण, दोन आण. फक्त तारखा मागून टाकू नको, त्या मला लगेच ओळखू येतात.

काका