वाचकांचे प्रश्न : बर्लिनच्या टर्बाइन कारखान्याचे जाडजूड कोपरे

प्रश्न : बर्लिनच्या मोआबिट भागातल्या, एईजी या विजेच्या सामानाच्या कंपनीच्या टर्बाइन कारखान्याचे छायाचित्र पाहिले. दर्शनी बाजूचे दोन्ही कोपरे बुरुजासारखे भक्कम दिसतात. छताचा भार तेच पेलतात का? आणि बाजूच्या खांबांच्या तळाशी बिजागरीसारखे काय आहे?

उत्तर : कोपरे छताचा भार पेलत नाहीत. ते काँक्रीटचे पातळ कवच आहे आणि भार आतल्या पोलादी सांगाड्यावर आहे. कोपऱ्यांवरच्या आडव्या पट्ट्या नीट पाहा. भार खाली उतरवणाऱ्या खांबावर उभ्या रेषा शोभल्या असत्या. आडव्या रेषांनी, हा भाग फक्त मोकळी जागा भरतो, असे सुचवायचे होते. तरी बहुतेकांची फसगत होतेच. १९०८-०९ मध्ये वास्तुकार पेटर बेरेन्स यांच्याबरोबर या इमारतीवर काम करणारे अभियंता कार्ल बर्नहार्ड यांनीच या कोपऱ्यांवर टीका केली होती, आणि आमच्या मते ती रास्त होती. इमारतीचे खरे सामर्थ्य बाजूच्या भिंतीत आहे.

तळाशी दिसते ती बिजागरीच आहे. सांगाडा तीन बिजागऱ्यांच्या कमानींचा आहे. पोलाद तापले की वाढते. २५ मीटर लांबीचा पोलादी भाग ४० अंशांच्या फरकाने सुमारे १२ मिलिमीटर वाढतो. सांधे घट्ट जखडलेले असते, तर ही वाढ अडून पोलादावर जादा ताण आला असता. बिजागऱ्या असल्यामुळे कमानीचा माथा किंचित वर सरकतो आणि ताण साचत नाही. पाया थोडा खचला तरी हाच फायदा. शिवाय अशा कमानीतले बल समतोलाच्या समीकरणांनीच निघते, त्यामुळे हाताने आकडेमोड करणाऱ्या अभियंत्याची मोठी सोय होत असे. बिजागऱ्या मात्र तीनच हव्यात. चौथी घातली की कमान स्थिर राहत नाही, कोसळते.

बेरेन्स यांनी ही बिजागरी झाकली नाही, जोत्यावर रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली. बर्लिखिंगनस्ट्रास या रस्त्याच्या बाजूने चालताना एकेक बिजागरी जवळून पाहता येते.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. याच इमारतीचे १:२०० प्रमाणात मॉडेल करते आहे, पण बाजूची भिंत सपाट दिसते. काय चुकते?

उत्तर : बहुधा तुम्ही काच आणि खांब एकाच पातळीत उभे केले आहेत. खांबाची बाहेरची कड ओळंब्यात ठेवा आणि काच वर जाताना आत कलती बसवा. खांब तळाशी अरुंद आणि वर रुंद हवा. बिजागरीपाशी वाकवणारा जोर शून्य असतो आणि वर जाताना वाढतो, म्हणून तो आकार. काच आत झुकली की खांब वर अधिक पुढे येतो आणि त्याची सावली काचेवर रुंदावत जाते. तुमच्या भिंतीला ही सावलीच हवी आहे.

कोपऱ्यांनाही तसाच आतला कल द्या. दर्शनी बाजूची मोठी खिडकी मात्र सरळ उभी ठेवा, वरच्या अनेक कोनी माथ्याच्या पातळीत. त्यामुळे कोपरे मागे सरतात आणि माथा जणू काचेवरच टेकला आहे असे वाटते.

इमारतीची उंची सुमारे २५ मीटर आहे, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा सेंटिमीटर. लांबी घेताना जपा. आजची २०७ मीटर लांबी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात झालेल्या विस्तारानंतरची आहे. १९०९ ची इमारत दाखवायची असेल, तर मॉडेल बरेच आखूड हवे.

प्रश्न : एईजी मुळात एडिसनची कंपनी होती का?

उत्तर : नाही, पण सुरुवात त्याच्या पेटंटांवर झाली. एमिल राटेनाऊ यांनी १८८१ च्या पॅरिस प्रदर्शनात एडिसनचे दिवे पाहिले, जर्मनीसाठी हक्क मिळवले आणि १८८३ मध्ये एडिसनच्याच नावाची जर्मन कंपनी काढली. १८८७ मध्ये ती ‘आल्गेमाइन एलेक्ट्रिसिटेट्स-गेझेलशाफ्ट’ झाली. त्याचेच लघुरूप एईजी. १९०७ मध्ये बेरेन्स तिचे कलासल्लागार झाले. कारखान्याच्या माथ्यावरचे षट्कोनी बोधचिन्हही त्यांचेच.