लेकराला पुन्हा पुन्हा विचारू नका

पोलिस तपास, कोर्ट आणि शाळा यांतल्या मानसशास्त्राबद्दल तेच ते गैरसमज पत्रांतून येत राहतात. त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : खोटं बोलणारा नजर चुकवतो, हे खरं ना?

नाही. घाबरलेला निर्दोष माणूसही नजर चुकवतो.

प्रश्न : दुकानातून रोकड गेली. नोकराची नार्को (गुंगीचं औषध देऊन चौकशी) करून घेता येईल का?

त्याच्या संमतीशिवाय नाही. नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची यंत्रचाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) यांची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात घटनाबाह्य ठरवली. गुंगीतलं बोलणं संमतीने मिळालं तरी तो थेट पुरावा होत नाही. तक्रार द्या, पुढचं वकिलाला विचारा.

प्रश्न : शाळेत बोटांचे ठसे घेऊन मुलांचा कल सांगणारी डीएमआयटी चाचणी आहे. मुलगा वाचनात मागे आहे. करून घेऊ?

मुळीच नको. ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. तरी रंगीत अहवाल विकले जातात आणि शाळेत चाचणी आहे म्हटल्यावर पालक मुकाट्याने पैसे भरतात. खरी अडचण असलेल्या मुलाचं वर्ष त्यात वाया जातं, याचा मला संताप आहे. वाचनासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या भाचीने शेजाऱ्याबद्दल काही सांगितलं. घरात सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं, मोबाइलवर रेकॉर्डिंगही केलं. पण ती दर वेळी थोडं वेगळं सांगते. खात्री झाल्यावरच पोलिसांत जावं, असं घरचे मोठे म्हणतात.

आता विचारणं बंद करा आणि आजच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिस ठाण्यात कळवा. तिला कुठे दुखत असेल तर आधी रुग्णालयात न्या. एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. खात्री करणं हे घरच्यांचं काम नव्हे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार नुसती शंका असली तरी कळवणं बंधनकारक आहे.

दर वेळी वेगळं सांगते म्हणून ती खोटी ठरत नाही. तोच प्रश्न पुन्हा आला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं लहान मुलाला वाटतं आणि ते उत्तर बदलतं. “काकांनी इथे हात लावला ना?” असं विचारलं की उत्तर आपणच तिच्या तोंडी घालतो. “काय झालं ते सांग,” एवढंच म्हणून गप्प बसावं, ती वापरेल तेच शब्द लिहून ठेवावेत. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात मुलांकडून सुचवणाऱ्या प्रश्नांनी जबाब काढले गेले. खटला १९९० पर्यंत चालला आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. तुमच्याकडेही बचावाचा वकील उद्या हेच म्हणेल, मुलीला पढवलंय. घरातला प्रत्येक नवा प्रश्न त्याच्या हातात आयता मुद्दा देतो.

रेकॉर्डिंग पुसू नका आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तपास अधिकाऱ्याकडे द्या. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते आणि ती गणवेशात नसते. हे तुम्ही मागून घ्या. सोबत बालमानसशास्त्रज्ञाची वेळही घ्या.

प्रश्न : पोलिसांनी मला संशयिताचा एकच फोटो दाखवला. आता ओळख परेड (अनेकांतून संशयित ओळखणं) आहे. फोटोतलाच चेहरा डोळ्यांसमोर येतो.

तसंच होतं. फोटो दाखवला होता, हे परेडच्या आधी दंडाधिकाऱ्यांना सांगा. खात्री नसेल तर कुणाकडेही बोट दाखवू नका.